ताट वाजलं की वर जायचं

सोसायटीची सेक्रेटरी मी कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या गोंधळात माझा वाटा किती हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. मीटिंग तिसऱ्या मजल्यावर होती. मी चकल्यांचा घाणा संपवून, डबा घेऊन उशिरा पोचले. तोवर प्रत्येकाने आपल्याला हे काम का जमणार नाही याची कारणं देऊन टाकली होती. एकट्या माझंच कारण ऐकायचं राहिलं होतं. मी दारात पाऊल टाकलं आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं, चकल्यांसाठी आहेत. मी हसून मान डोलावली आणि तोच होकार म्हणून वहीत लिहिला गेला.

ही नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. लग्न होऊन बदलापूरला येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तीन मजली बिल्डिंग, नदीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि आमचं घर तळमजल्यावर. समोरच्या दारात काकू राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना काकूच म्हणायची. नवरा गेल्यापासून दोन मशीनवर त्यांचं घर चालत होतं, एक पिकोचं आणि एक साधं पायमशीन. त्यांच्याकडे माणसाला बसायला जागा नसायची, पण साड्यांना असायची. कॉटवर साड्या, कपाटात साड्या, देवाच्या फडताळाखाली साड्या. प्रत्येक साडीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली: गिऱ्हाईक कोण, आणि साडी कधी हवी. ज्या बाईला घाई, तिच्या चिठ्ठीवर 'अर्जंट'. अर्ध्या बदलापूरच्या बायका अर्जंटच होत्या.

आमच्या कंपाउंडात एक जुना आंबा होता. बिल्डरने तो तोडला नव्हता, आणि जागेचा मूळ मालक, जवळच्या गावातला एक म्हातारा शेतकरी, रोज संध्याकाळी त्याला बघायला यायचा. जमीन विकली तरी झाड आपलंच, असा त्याचा सरळ हिशोब होता. एकदा मी त्याला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्याने काठीचं टोक आमच्या खिडकीच्या चौकटीला टेकवलं.

"हितवर," तो म्हणाला.

"काय हितवर?"

"पानी. या शेताला आमी डुबी बोलतो. माज्या आज्याच्या टायमाला आलं व्हतं, माज्याबी टायमाला आलं."

"पुन्हा येईल?"

"येनार त. कवा येल ते नदीला इचार."

मी घाबरले. माझे सासरे मात्र हरखून गेले. त्यांचं सांगायलाच हवं. अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांना हेल्मेट घालायला लावलं, त्याला घरी बसवलं की काय होतं ते मी दीड वर्ष बघत होते. आमच्या गॅसजवळ वाळूची लाल बादली होती. न्हाणीघराच्या दारावर 'फरशी ओली आहे' अशी पाटी होती. फरशी न्हाणीघराची, ती कोरडी कधी असायची? पण डुबी हा शब्द ऐकला आणि सासऱ्यांच्या अंगात पुन्हा पहिल्या शिफ्टचं वारं शिरलं.

"सूनबाई, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आपल्याकडे होता कामा नये," ते म्हणाले. "दोन गोष्टी. एक विमा, दुसरं ड्रिल. सेक्रेटरी कोण आहे?"

"मीच आहे, बाबा."

"उत्तम. मग मीटिंग बोलाव."

विम्यासाठी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला एक सिंधी एजंट आला. त्याचं ऑफिस म्हणजे भावाच्या वर्कशॉपच्या पुढच्या भागात मांडलेलं एक टेबल. माणूस लाघवी, आणि भाषा त्याच्या सोयीची. तळमजल्यावरच्या चारही घरांतल्या सामानाचा, आग आणि पूर धरून विमा, असं त्याने समजावलं. मग फॉर्म भरायला घेतला. या जागेत पूर्वी कधी पाणी आलं होतं का, अशी त्यात एक ओळ होती.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "नाही लिहा. आपण आल्यापासून कुठे आलंय?" दुसरं कोणी म्हणालं, "लिहिलं तर विमा नाही मिळाला म्हणजे?" सासरे चष्मा पुसत म्हणाले, "जागेचं नावच डुबी आहे."

एजंटने पेन खाली ठेवलं. "साईं, गाँव का नाम बदलापूर, उसमें पूर. शेत का नाम डुबी. और मैं कंपनी को बोलूँ रिस्क कम आहे? पहले कंपनी मुझे डुबाएगी!"

आम्ही इतके हसलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावून गेलं. हसल्या नाहीत त्या फक्त काकू. "खरं आहे ते लिहा," त्या म्हणाल्या. "खोटं लिहून विमा काढला, तर पाणी आल्यावर रडायचं तरी कोणापुढे?"

खरं लिहिलं. विमा मिळायला दोन महिने आणि एजंटच्या चार खेपा जास्त लागल्या, पण मिळाला. पॉलिसी हातात आल्यावर काकूंनी एकच प्रश्न विचारला. "यात साड्या आल्या का?"

"काकी, आप की साडी आली. गिऱ्हाईक की नहीं. किसकी है, कितने की है, आज है, कल घेऊन गेली, मैं क्या लिखूँ?" एजंटलाही वाईट वाटत होतं. "मशीन डूबा, मेरे पास आओ. गिऱ्हाईक की साडी डूबी, तो ऊपरवाले के पास जाओ."

एजंट गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "मशीन गेलं तर दुसरं येईल गं. कुणाची लग्नातली साडी माझ्या घरात भिजली तर ती कुठल्या दुकानातून आणून देऊ? उद्या कोण माझ्याकडे साडी टाकेल?" तेव्हापासून आभाळ भरून आलं की त्या आधी साड्यांकडे बघायच्या, मग आभाळाकडे. मला त्यांची फार काळजी वाटायची, आणि त्यांना काळजी वाटू नये म्हणून मी मोठमोठ्याने भलतंसलतं बोलत बसायचे.

आता ड्रिल. सासऱ्यांना धोक्याच्या सूचनेसाठी भोंगा हवा होता. एजंटच्या भावाने वर्कशॉपमध्ये तो बनवून दिला, आणि असा बनवला की विचारू नका. पहिल्यांदा वाजवला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आणि शेजारच्या चाळीतले दोघे डबा घेऊन बाहेर पडले. त्यांना वाटलं, दुसरी पाळी लागली. सासरे कृतार्थ झाले.

"पण हा चालतो कशावर?" काकूंनी विचारलं.

"विजेवर."

"पाऊस आला की पहिली लाईट जाते."

बत्तीस वर्षांच्या सेफ्टीच्या नोकरीत सासऱ्यांना इतकं सरळ कोणी उत्तर दिलं नसावं. भोंगा गच्चीवर ठेवून दिला आणि आमच्या नि काकूंच्या दारांमध्ये खिळ्याला एक पितळी ताट टांगलं, बाजूला दोरीने लाटणं. नियम सोपा: पाणी कंपाउंडात आलं की सेक्रेटरीने ताट वाजवायचं, वरच्या मजल्यांनी दारं उघडायची, आणि तळमजल्याने वर जायचं. खाली कोणीही यायचं नाही. सासऱ्यांनी हे सुवाच्य अक्षरात लिहून जिन्यात चिकटवलं: 'ताट वाजलं की वर जायचं.'

हे सगळं ठरलं मे महिन्यात. मे महिन्यात कैऱ्या आणि पापड सोडून कोणाच्या डोक्यात काय असतं? आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी एका गोष्टीसाठी ताट वाजत होतं, हे तेव्हा एकालाही आठवलं नाही. मलाही नाही.

रंगीत तालीम रविवारी झाली. मी ताट बडवलं, सासऱ्यांनी घड्याळ लावलं. वर जाताना एकच आवश्यक पिशवी घ्यायची, असं बजावलं होतं. एका घराने टीव्ही घेतला. एका घराने गॅसचा सिलेंडर पायरी पायरी चढवायला घेतला. एक आजी लोणच्याची बरणी कवटाळून पहिल्या वळणावर बसल्या आणि हलेनात, म्हणून मागचा टीव्ही अडला, टीव्हीमागे सिलेंडर अडला. काकू दोन मोठी गाठोडी घेऊन सगळ्यांच्या मागे उभ्या.

"तुमची कागदपत्रं कुठायत?" सासऱ्यांनी विचारलं.

"हीच," काकू गाठोड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावरून कोणीतरी चहा आणला आणि तालीम जिन्यातच विसर्जित झाली. सासऱ्यांनी वहीत 'असमाधानकारक' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या वर्षी जुलै तसाच गेला. ऑगस्टही निम्मा गेला. मग गणपती बसले आणि पाऊस जणू वाट बघत होता तसा लागला. गौरी यायच्या आदल्या दिवशी तर त्याने उसंतच घेतली नाही. नवरा ऑफिसातच अडकला होता. वीज दुपारीच गेली होती. काकूंकडे गौरीसाठीच्या साड्यांचा डोंगर होता, पन्नासेक तरी असतील, सगळ्या फॉल लावून, घड्या घालून तयार. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका न्यायला येणार होत्या. संध्याकाळी मी डोकावले तर कंदिलाच्या उजेडात काकू पायमशीनवर बसलेल्या. सुईखाली क्रीम रंगाची, लाल काठांची नवी साडी.

"अजून कोण अर्जंट?" मी विचारलं.

"मी," त्या लाजून म्हणाल्या. "सगळ्यांच्या झाल्या. आता माझी घेतलीय."

तेवढ्यात कंपाउंडातून हाक आली. म्हातारा शेतकरी डोक्यावर घोंगडी घेऊन आंब्याखाली उभा होता, आणि त्याच्या पायाशी पाणी होतं. "पोरी, आली बघ! चल, उचल सामान!"

मी धावले, लाटणं उचललं आणि ताट बडवायला लागले. जीव खाऊन बडवलं. वरची दारं धडाधड उघडली, नियमाप्रमाणे. मग जिन्यातून पावलं वाजायला लागली, आणि ती वर जायच्याऐवजी खाली यायला लागली.

आता तुम्हाला सांगते ताटाचं. आमच्याकडे गणपतीत एक पद्धत होती. ज्याच्या घरी आरतीची वेळ झाली, त्याने जिन्यात ताट वाजवायचं, म्हणजे बाकीच्या घरांनी तिथे जमायचं. ताट वाजलं तळमजल्यावर, काकूंच्या दाराशी. सगळी बिल्डिंग म्हणाली, अरे वा, यंदा काकूंनीही गणपती बसवला वाटतं! आणि निघाली.

पुढे तिसऱ्या मजल्यावरचे काका, हातात झांजा. मागे बायका, कोणाच्या हातात कापूर, कोणाच्या हातात प्रसादाची वाटी. मागे लोणच्याच्या बरणीवाल्या आजी, या वेळी रिकाम्या हाताने आणि चांगल्या चपळाईने. तीस-चाळीस माणसं टाळ्या वाजवत खाली उतरली, आणि शेवटच्या पायरीवरून पहिला पाय ठेवला तो घोटाभर पाण्यात.

"वर! वर जा!" सासरे ओरडत होते. "खाली यायचं नाही! पाटी वाचा!"

"आरती कुठाय?" झांजवाल्या काकांनी विचारलं.

मला इतकं हसू फुटलं की हातातलं लाटणं पाण्यात पडलं. घर बुडतंय, आणि मी भिंतीला टेकून पोट धरून हसतेय. सासरे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्याही तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. ते हसत होते. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

भानावर आणलं काकूंनी. त्या दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांवर साड्यांची चळत, आणि चेहरा पांढरा पडलेला. "अहो, धरा कोणीतरी," एवढंच म्हणाल्या.

झांजवाल्या काकांनी झांजा खिशात कोंबल्या आणि चळत धरली. त्यांनी मागच्या बाईकडे दिली, तिने वरच्या पायरीवर. बघता बघता तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसांची साखळी लागली. तालमीत जे चार घरांना साधलं नव्हतं ते आता आपोआप होत होतं, कारण वर चढायला कोणी नव्हतंच, सगळे जागच्या जागी उभे होते आणि फक्त साड्या चढत होत्या. मध्येच कोणी ओरडायचं, "अय्या, ही माझी!" "माझी कुठाय? मोरपंखी!" "गेली वर, आत्ताच गेली!" कोणीतरी आरती सुरू केली. हात रिकामे नव्हते म्हणून टाळ्या नव्हत्या, पण एकेक चळत तालावर पुढे सरकायला लागली.

पाणी गुडघ्याला आलं. आमच्या न्हाणीघराची 'फरशी ओली आहे' ही पाटी तरंगत दारातून बाहेर गेली. कॉट रिकामी झाली, कपाट रिकामं झालं. शेवटची चळत माझ्या हातात देऊन काकू बाहेर आल्या. मी आत पाहिलं. कंदील विझला होता तरी जिन्यातल्या बत्तीच्या उजेडात मशीनवरचा लाल काठ दिसत होता.

"काकू, ती राहिली! सुईखालची!"

"राहू दे," त्यांनी माझा दंड धरून जिन्याकडे ओढलं. "ती माझीच आहे."

तेव्हा मला त्या वाक्याचं काहीच वाटलं नाही. साड्या वाचल्या याचाच आनंद इतका होता की ती रात्र आम्ही सगळ्यांनी तिसऱ्या मजल्यावर काढली, मोदक खाल्ले, आणि सासऱ्यांनी कंदिलाशी बसून चिठ्ठ्या वाचत साड्या लावल्या. एकही कमी नव्हती. पहाटे पाणी ओसरलं, आणि सकाळी चिखल तुडवत बायका आल्या तेव्हा काकूंनी तिसऱ्या मजल्याच्या दारात बसून एकेकीच्या हातात साडी दिली. कोरडी, घडी न मोडलेली. मग म्हातारा शेतकरी आला, आमच्या खिडकीच्या चौकटीखाली दोन बोटं मोजली आणि म्हणाला, "अवंदा नदीनं कंजुशी केली."

आठवड्याभराने नुकसान बघायला सर्व्हेअर आला, सोबत एजंट. काकूंची दोन्ही मशीनं गंजून जाम झाली होती. पायमशीनच्या सुईखाली ती साडी तशीच अडकलेली, चिखलाने ताठ झालेली, आणि लाल काठाचा रंग क्रीमवर उतरून सगळा विचका झालेला.

"गिऱ्हाइकाची आहे का? मग नाही धरता येणार," सर्व्हेअर म्हणाला.

"माझी आहे."

"पन्नास साड्या वर गेल्या म्हणता. मग हीच कशी राहिली?"

काकूंना खरोखरच प्रश्न कळला नाही. "अहो, आधी गिऱ्हाइकांच्या," त्या म्हणाल्या. "मी काय गिऱ्हाईक आहे का?"

सर्व्हेअरने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि यादीत लिहिलं: साडी, एक, स्वतःची. एजंटने वाकून ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "काकी, पूरे घर में एक ही साडी का बीमा था. वही डूबी!"

सगळे हसले. काकूही हसल्या. मी नाही हसले. दारात धरलेला तो दंड मला आठवला, आणि 'ती माझीच आहे' हे वाक्यही.

विम्यातून काकूंची मशीनं आली. यादीत साडी होती, म्हणजे साडीही आली असणार, पण त्या वाट्यातून काकूंनी फॉलचे तागे भरले. मी विचारलं तर म्हणाल्या, "बघू पुढे."

पुढच्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी मी खिळ्यावरचं ताट काढलं आणि काकूंच्या दाराशी बडवायला लागले. बाहेर कोरडं ऊन होतं. सासरे पाटीकडे बोट दाखवत बाहेर आले, पण सगळी बिल्डिंग खालीच आली. झांजवाल्या काकांच्या बायकोने एक घडी पुढे केली. क्रीम रंग, लाल काठ, शोधायला आम्हाला तीन बाजार लागले होते. फॉल आम्ही बायकांनीच हाताने लावला होता, वीतवीतभर प्रत्येकीने. वर टाचणीने चिठ्ठी लावली होती, सासऱ्यांच्या सुवाच्य अक्षरात: 'गिऱ्हाईक: काकू. अर्जंट.'

काकूंनी चिठ्ठी वाचली. मग सवयीने साडी उलटी करून फॉल तपासला.

"हे काय टाके आहेत?" त्या म्हणाल्या. "कुणी घातलेत? उसवून परत लावते मी." आणि पदर डोळ्यांना लावून मशीनपाशी जाऊन बसल्या.

तो फॉल त्यांनी कधीच उसवला नाही.